बहिणीच्या खुंटासाठी चार ओहोट्या

रविवार, आषाढ वद्य सप्तमी, सकाळचे साडेनऊ. जागा, माहीमच्या कोळीवाड्यातल्या देवळाचा कट्टा. ठरलेली रक्कम माणशी रोज आठशे रुपये. हजर होते जमातीचे पाच पंच, घरटी एकेक माणूस, माझी थोरली बहीण, खुर्चीत बसवून आणलेले तिचे यजमान, आणि मी. मला बोलावणं नव्हतं. रविवारी बहिणीकडे जातो तसा डिलाईल रोडहून गेलो होतो. हातात गावाहून आलेल्या फणसाच्या आठळ्यांची पिशवी होती आणि ठेवायला कोरडी जागा न सापडल्याने ती सभा संपेपर्यंत हातातच राहिली.

त्याआधीच्या आठवड्यात वादळी पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली होती. वाड्यातल्या घरांत खाटेच्या पाटीपर्यंत पाणी चढलं. दोन दिवसांनी ते उतरलं, पण वरून वाहून आणलेला सगळा गाळ मागे ठेवून गेलं. खाडीचा एक अरुंद फाटा वाड्याच्या पायऱ्यांपर्यंत येतो. होड्या त्यातूनच आत-बाहेर करतात. तो फाटा भरून गेला होता. ऐन भरतीला जिथे पुरुषभर पाणी असायचं, तिथे आता पोटरीभरही नव्हतं. गाळ काढायचं मशीन मोठ्या नाल्यापर्यंत आलं. पुढची गल्ली सात फुटांची आणि मशीन नऊ फुटांचं. त्यात कोणाची चूक नव्हती. गाळ हातानेच काढावा लागणार होता, आणि नारळी पौर्णिमेला होड्या बाहेर पडण्याआधी.

ताईने लग्न स्वतःच्या मनाने केलं होतं. आम्ही कोकणातले, वडील गिरणीत. कोळ्याच्या घरात मुलगी गेली म्हणून बाबा दोन वर्षं तिच्याकडे फिरकले नाहीत. मग एकदा आले ते थेट जेवायलाच बसले, आणि नंतर आमच्या चाळीत मासे विकत आणायची वेळ सहसा आली नाही. भावोजींची एक लाकडी होडी आहे. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात आणि पाय चालत नाही, बोलणं जड झालंय. मुलगा जहाजावर नोकरीला, आठ-आठ महिने घरी नसतो. होडीवर दोन पगारी खलाशी जातात आणि ताई बाजारात बसते. त्यावर घर चालतं.

हे सगळं एका खुंटावर उभं होतं. होडी बांधायचा लाकडी खुंट वाड्यात घराघराला नेमून दिलेला असतो. ताईच्या घराचा खुंट पायऱ्यांना लागून, पहिला. होडी आली की मासळी दहा पावलांत तिच्या पाटीत येते. शेवटच्या खुंटावरून तीच मासळी चिखलातून डोक्यावर आणावी लागते. खलाशांनी सांगूनच ठेवलं होतं की पहिला खुंट गेला तर आम्ही दुसरीकडे बघू. खलाशी गेले की होडी विकायची. खाडीपलीकडचा एक जण दोनदा येऊन होडीच्या फळ्या ठोकून बघून गेला होता. भावोजी दिवसभर ओट्यावर बसतात, आणि ओट्यावरून पहिलाच खुंट दिसतो.

जमातीचा रिवाज असा की खाडीच्या कामाला घरटी एक माणूस. ज्या घराने काम पुरं केलं नाही, त्याचा खुंट मागे टोकाला सरकतो आणि टोकाचा त्याच्या जागी पुढे येतो.

सभेत हा विषय ताईच्या शेजाऱ्याने काढला. वय पंचेचाळीसच्या आसपास, फायबरच्या दोन होड्यांचा मालक. त्याचे दोन्ही खुंट अगदी टोकाला होते आणि त्याची सत्तरीतली आई रोज तिथून पाट्या वाहून आणायची. हे आधी सांगतो, कारण त्याचं मागणं हावरेपणाचं नव्हतं.

"वैनी, राग धरू नको," तो म्हणाला. "पन तुझ्या घरचा कोन उतरनार?"

"पोरगा जहाजावर हाय, तुला ठाऊक हाय," ताई म्हणाली. "हे खुर्चीत हायत, तेही दिसतंय तुला."

"मग बदली आन."

"आणले होते काल दोघं नाक्यावरून. गाळ बघितला नि बसभाडं मागून परत गेले."

"दिलंस?"

"दिलं. चालत पाठवू काय?"

दोन-चार जण हसले. शेजारी हसला नाही. "तसं नाय. पन ज्या घरचा गडी नाय, त्याचा खुंट..." एवढं बोलून त्याने भावोजींकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

मी म्हणालो, "मी उतरतो."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग कट्ट्यावर सगळीकडून सुरू झालं.

"पावणं, आधी ती पिशवी तर ठेवा."

"इस्तरीची पँट हाय रं त्यांची."

"चष्म्याला वायपर लावा, मामा."

ताईच्या मुलाचा मी मामा, म्हणून वाड्यातल्या तरण्या पोरांचाही मामा. वयस्कर लोक पावणे म्हणतात. पंचांमधल्या सर्वांत थोरल्या माणसाला वाड्यात आजा म्हणतात. त्याने हात वर केला तसे सगळे थांबले.

"पावण्याला नाय धरत," आजा म्हणाला. "पयले धरायचो. कोनाचा जावई यायचा, कोनाचा साडू. फावड्यावर हात टेकून हुबा. चाय प्यायचा नि जायचा. त्याला बोलनार कोन? पावण्याला शिवी देता येत नाय. गड्याला देता येते. ज्याला पैसे मोजले, त्यालाच शिवी घालता येते. तवापासून बदली म्हनजे रोजावरचा. आठशे रुपये रोज. पैसे त्या घरानं द्यायचे, हितं, सगळ्यांच्या समोर. होडी खुंटाला लागली की."

मला हा नियम पटला. मी एका कंपनीत हिशेबाच्या कामाला आहे. ज्याला जाब विचारता येत नाही अशा माणसाकडून काम होत नाही, हे मी तिथे बरीच वर्षं बघत आलोय.

"मग मी रोजावर येतो," मी म्हणालो. पैसे कोणाच्या हातून घ्यावे लागतील हे बोलून झाल्यावर लक्षात आलं.

बदली हा शब्द आमच्या घरात जुना आहे. बाबा गिरणीत कायम होण्याआधी सात वर्षं बदली कामगार होते. रोज सकाळी डबा घेऊन गेटवर उभं राहायचं. आत कोणी गैरहजर असला तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, त्या दिवसापुरतं काम. कोणी गैरहजर नसला तर डबा घेऊन घरी. परत आलेला डबा आम्ही भावंडं वाटून खायचो. आई त्याबद्दल एक शब्द बोलायची नाही. आम्हाला कळत नव्हतं असं नाही, पण डब्यातलं जेवण आम्हाला आवडायचं.

सभेनंतर ताईच्या घरी जेवायला बसलो. भिंतींवर पाण्याची रेघ अजून ओली होती. मी तिला माझा विचार सांगितला. तिने सगळ्यांसमोर पैसे द्यायचे, मी घ्यायचे आणि घरात आल्यावर परत द्यायचे.

"आणि कोणी विचारलं तर?"

"कोण विचारणार आहे?"

"म्हणजे जमातीला फसवायचं," ताई म्हणाली.

"मी भाऊ आहे तुझा. बहिणीकडून मजुरी घेतली हे आईला कळलं असतं तर..."

ताई वाड्यात वाड्यासारखी बोलते. माझ्यावर रागावली की मालवणीत येते. "बाबा गेटर उभे रवत," ती म्हणाली, "तेंका लाज वाटली नाय. तुका माझ्या हातचे पैशे घेवक लाज वाटता?"

भावोजी डाव्या हाताने जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला आणि एकेक शब्द सावकाश काढत म्हणाले, "घे. पन... काम... कर."

मग तो विषय आम्ही बंद केला.

कामाचे चार दिवस ठरले, एक आठवडा सोडून मंगळवार ते शुक्रवार. अमावस्येच्या आसपास ओहोटी खूप लांब जाते, म्हणून ते दिवस. सोमवारी अमावस्येलाच सुरुवात करू, असं एक पंच म्हणाले होते. त्यावर मागून कोणीतरी म्हणालं, "गटारीला फावडं नाय, गिलास धरतात." सोमवार आपोआप रद्द झाला. मी कचेरीतून तीन दिवसांची रजा घेतली. चौथी मिळाली नाही. शुक्रवारी ऑडिटर येणार होते आणि मला दहाला हजर राहणं भाग होतं. शुक्रवारी मी सगळ्यात आधी उतरीन आणि जमेल तेवढा थांबेन, असा हिशेब मी मनात केला. कोणाला सांगितला नाही.

खाडीचा गाळ मी लांबून पाहिला होता. त्यात उभं राहिल्यावर कळलं की तो पाय धरून ठेवतो. एक पाय ओढून काढावा तर दुसरा मांडीपर्यंत जातो. वाड्यातल्या लोकांनी जुने दरवाजे आडवे टाकून वाट केली होती. एका दरवाजावर घराचा नंबर अजून होता. फावड्याने गाळ घमेल्यात भरायचा, घमेलं हातोहात पुढे द्यायचं, शेवटच्याने ते पायऱ्यांजवळच्या रिकाम्या मचव्यात पालथं करायचं. मचवा भरला की सगळ्यांनी मिळून तो ओल्या गाळावरून घसरवत मुख्य धारेपर्यंत न्यायचा आणि ओहोटीच्या ओढीत गाळ सोडून द्यायचा. काठावर ढीग करायचा नाही, कारण काठावरचा गाळ पुढच्या भरतीला परत आत येतो. गाळात काय नव्हतं. चपला, उशा, एक अख्खा टेबलफॅन, आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचे थरावर थर, बाकरवडीच्या गुंडाळीसारखे.

मला उभं केलं मचव्यावर, शेवटच्या जागी. तिथे चिखल घोट्यापर्यंतच होता. मी त्याला माझं नशीब समजलो. घमेली मोजायची सवय सुटत नव्हती. मचवा साधारण दीडशे घमेल्यांत भरतो, हे पहिल्याच दिवशी माझ्याकडे तयार होतं. मी ते ताईच्या शेजाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं," आणि पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी तो आज्याला म्हणाला, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने, "काल सकाळपासून या मानसाला एक शब्द कोनी बोललाय काय? 'मामा हळू, मामा बसा, मामा पानी घ्या.' हा पावनाच हाय. नियम तुमीच सांगितला होता."

आजाने नुसती मान डोलावली. कारण ते खरं होतं. बाकीच्यांना फावडं चालवताना कमरेखालच्या शिव्या बसत होत्या, आई-बापांपासून सासऱ्यापर्यंत कोणी सुटत नव्हतं. माझ्या जवळ आले की तेच लोक तोंड आवरत होते. मी काम करत होतो, पण माझा रोज धरला जात नव्हता. रोज नाही तर खुंट नाही. हे मला त्या क्षणी लख्ख समजलं आणि त्यावर काय करायचं ते मुळीच समजलं नाही. मला शिव्या द्या, असं कोणाला सांगायचं?

ताई चहाची किटली घेऊन पायऱ्यांवर आली होती. तिनेही ते ऐकलं. तिने किटली खाली ठेवली, पदर कमरेला खोचला आणि अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात, बाजारातल्या आवाजात, ती मला बोलायला लागली.

"ए हिशोबनीस. मोजतोस काय हुबा राहून? मोजायचे पैसे नाय देत मी तुला, भरायचे देते. उतर खाली. ती जागा म्हातारीची हाय, तिथं माझी सासू हुबी राहायची ऐंशी वर्सांची. आठशे रुपये काय फुकट येतात? उन्हात बसून कापते मी मासळी. उतर. चष्मा पुसत काय बसलास, गाळ काय वाचायचाय?"

यातला बराच भाग मी गाळला आहे. जे लिहिलं ते लिहिण्याजोगं होतं.

हातातलं घमेलं हातातच ठेवून सगळे उभे राहिले. मला आठवतं त्याप्रमाणे आई गेल्यापासून माझ्यावर इतक्या मोठ्याने कोणी ओरडलं नव्हतं. मी मचव्यावरून उतरलो, दरवाजांच्या वाटेने पुढे गेलो आणि जिथे गाळ मांडीपर्यंत होता तिथे उभा राहिलो. कोणीतरी माझ्या हातात फावडं दिलं. ताई थांबली नाही. अर्ध्या घमेल्याला बोलली, सांडलेल्या घमेल्याला बोलली. हळूहळू बाकीच्यांची भीड चेपली.

"मामा, घमेलं भर. पूजा नको मांडू."

"बहिणीचं खातोस रं, जोर लाव."

थोड्या वेळाने एकाने मला ती शिवी दिली जी ते एकमेकांना देत होते. आजा कट्ट्यावरून म्हणाला, "गडी हाय. धरा." शेजाऱ्याने मान हलवली आणि आपलं फावडं उचललं.

दुपारी घरी ताई माझ्याशी बोलत नव्हती. तिने पाठ शेकायला गरम पाणी ठेवलं, सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं, आणि मी जेवत असताना भिंतीकडे बघत म्हणाली, "लागला काय रे तुका?"

"पाठीक लागला."

"मी बोललंय ता?"

"ता नाय."

तिने आणखी दोन बोंबील वाढले.

तिसरा दिवस चांगला गेला. मला फावड्याची लय थोडी सापडली होती आणि फाट्याच्या मधोमध पाण्याची बारीक धार वाहायला लागली होती. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, ओहोटी उशिराची. ठरल्याप्रमाणे मी सगळ्यांच्या आधी उतरलो. पण ओहोटी माझ्या ऑडिटरसाठी लवकर होणार नव्हती. नऊ वाजता काम ऐन भरात असताना मी फावडं दरवाजावर ठेवलं, पायऱ्यांवर हात-पाय धुतले, आणि ताईला म्हणालो, "मला जावं लागतंय."

तिने मला विचारलं, "कधीपासून ठाऊक होतं?"

"रजा मागितली तेव्हापासून."

ती वळून बाकीच्यांना चहा ओतायला लागली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी टॅक्सीने गेलो, दहाला पाच कमी असताना पोहोचलो, आणि ऑडिटर साडेअकराला आले. दिवसभर माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. घराने काम पुरं केलं नाही तर खुंट सरकतो. साडेतीन दिवस म्हणजे पुरं काम नव्हे. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी माहीमला पोहोचलो. ताई ओट्यावर भावोजींचा पाय चोळत होती. मी उभाच राहिलो.

"खुंटाचं काय झालं?"

"बस," ती म्हणाली. "तू गेलास तर तुझ्या जागेवर तो येऊन हुबा राहिला." तिने हनुवटीने शेजारच्या घराकडे दाखवलं. "त्याचा धाकटा भाऊ होता त्याच्या घराच्या जागेवर. हा माझ्या जागेवर. शेवटचं घमेलं यानंच भरलं. आज्यानं विचारलं, कोणाच्या घरात धरू? तर म्हणाला, वैनीच्या."

त्या फायबरवाल्याच्या घराची खिडकी उघडी होती. मी जाऊन विचारलं. त्याची आई आत भाकऱ्या करत होती.

"तुमचा फायदा होता," मी म्हणालो. "तुम्हाला फक्त गप्प राहायचं होतं."

"सकाळी तुमी फावडं ठेवलंत," तो म्हणाला, "तवा मी ओट्याकडं बघितलं. दादा बघत होते. त्यांनी उठायचा परयत्न केला." मग म्हणाला, "आईसाठी दुसरं कायतरी करू. तुमचे ते दरवाजे हायत ना, तेच टाकून ठेवतो टोकापत्तर."

"दरवाजे माझे नाहीत."

"माहीत हाय हो, मामा," तो म्हणाला, आणि आतून त्याची आई हसली.

नारळी पौर्णिमेला मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. दुपारच्या भरतीला एकेक होडी फाट्यातून बाहेर काढली. ताईची तिसरी होती. मधे एका ठिकाणी तळ घासला तेव्हा काठावरचे सगळे पायऱ्यांच्या कडेला आले. मग ती निघाली, बाहेर एक वळसा घालून परत आली आणि पहिल्या खुंटाला लागली. भावोजींनी डाव्या हाताने नमस्कार केला. ताईने मला राखी बांधली. मी दरवर्षी घालतो तेवढेच पाचशे एक तबकात घातले. त्यात जास्त काही घातलं तर ती परत करील, हे न विचारताही मला कळत होतं.

त्यानंतर कट्ट्यावर चुकते करायची वेळ आली. माझे रोज साडेतीन धरले होते, अर्धा कापायला ताईनेच सांगितलं होतं. तिने शेजाऱ्यालाही हाक मारली. तो नको म्हणाला.

"घे," ताई म्हणाली. "उपकार नको मला तुझा. रोज रोज तोंड बघायचंय."

"मग देच," तो म्हणाला, आणि हात पुढे केला.

ताईने दिलेल्या नोटा ओलसर होत्या. आज्याने सगळ्यांसमोर मोजायला लावल्या आणि मी मोजल्या. मला दोन हजार आठशे, शेजाऱ्याला चारशे.